भयलेख

उपनिरीक्षक रेहाना मुजावर नोटीस घेऊन आल्या तेव्हा प्रणोती चौगुलेच्या तपासणीच्या खोलीत नऊ दिवसांचं एक बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून त्यांना बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसून राहावं लागलं.

मिरजेतल्या त्या रुग्णालयाच्या कानाच्या विभागात प्रणोती बारा वर्षं नोकरी करत होती. नवजात बाळांना ऐकू येतं की नाही हे तपासणं हे तिचं मुख्य काम. बाळाला विचारता येत नाही, त्यामुळे त्याच्या मेंदूलाच विचारावं लागतं. कपाळावर आणि कानांमागे तीन छोट्या चकत्या चिकटवायच्या, कानात टिक असा बारीक आवाज सोडायचा आणि मेंदूतून येणारी वीज नोंदवायची. अडचण एकच असते. त्या एका टिकीला मेंदू जो प्रतिसाद देतो तो इतका क्षीण असतो की मेंदूच्या इतर गोंगाटात तो हरवून जातो. म्हणून तीच टिक दोन हजार वेळा ऐकवायची आणि दोन हजार नोंदी एकावर एक रचून त्यांची सरासरी काढायची. गोंगाटाला नियम नसतो. तो कधी वर असतो, कधी खाली, आणि बेरीज करत गेलं की एकमेकांना खाऊन टाकतो. प्रतिसाद मात्र दर वेळी त्याच क्षणी, त्याच आकारात येतो. तो शिल्लक राहतो. पडद्यावर आधी नुसतं गवत दिसतं आणि हळूहळू त्यातून पाच ठसठशीत लाटा वर येतात. त्या लाटा बघून एखाद्या आईला ‘ऐकू येतंय हो बाळाला’ असं सांगताना प्रणोतीला आजही भरून यायचं.

त्या दिवशी लाटा आल्या. बाळाच्या आईला तसं सांगून ती बाहेर आली आणि मुजावरबाईंना बघून थबकली. दोघी एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या. निखिलेशचं प्रकरण मुजावरबाईंनीच हाताळलं होतं. त्यानं वरच्या कोर्टात अपील केलं होतं, त्याचीच तारीख लागली असणार असं तिला वाटलं.

“अपिलाचं नाही,” मुजावरबाई म्हणाल्या. “तुम्ही आधी बसा.”

नोटिशीवर ‘पीडित’ या शब्दासमोर प्रणोतीचं नाव होतं. ‘आरोपी’ या शब्दासमोर लिहिलं होतं: त्रिशला आदगोंडा मगदूम, वय पन्नास, राहणार इचलकरंजी.

ती तिची सख्खी बहीण होती. तिची अक्का.

निखिलेशचं प्रकरण चार वर्षांपूर्वीचं. एका प्रशिक्षणात तो प्रणोतीला भेटला होता, आणि त्यानंतर सलग चौदा महिने त्यानं तिला रोज सकाळी सहाला एका फुलाचं चित्र आणि ‘शुभ सकाळ’ असा संदेश पाठवला होता. नंबर बंद केला की नवा नंबर. त्यात शिवी नव्हती, अश्लील शब्द नव्हता, धमकी नव्हती. पोलीस ठाण्यात पहिल्या वेळी तिला विचारलं गेलं की यात गुन्हा नेमका कोणता. तेव्हाच्या कायद्याला एक तर घाणेरडे शब्द लागत, नाहीतर पाठवणाऱ्याचा छळण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागे, आणि फुलामागचा हेतू कोण कसा सिद्ध करणार? प्रणोती मात्र पहाटे साडेपाचलाच जागी होऊन फोनकडे बघत बसायची.

त्याच सुमारास ‘भयलेखा’ची पद्धत निघाली. मनगटावर एक पट्टा बांधायचा. तो नाडीचे ठोके, कातडीचा ओलावा, बोटांकडे जाणारं रक्त आणि श्वास असं सगळं नोंदवत राहतो आणि फोनवर कुठल्या क्षणी कुणाचा संदेश आला याच्याशी ते ताडून बघतो. छाती तर आनंदानंही धडधडते, मग भीती ओळखायची कशी, हा प्रश्न संशोधकांनी सोडवला होता. आनंदात काळीज सरळ धावत सुटतं. भीतीत ते आधी क्षणभर मंदावतं, श्वास अडतो, बोटं गार पडतात आणि मग ते धावतं. सावज जसं आधी जागच्या जागी गोठतं तसं. एका संदेशावरून काही ठरत नाही, कारण माणूस त्या वेळी जिना चढत असेल, भांडत असेल. पण एकाच माणसाच्या तीनशे संदेशांची सरासरी काढली की जिने आणि भांडणं पुसली जातात आणि त्या माणसाविषयी शरीराला जे म्हणायचं असतं तेवढंच उरतं. प्रणोतीला हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नव्हती. ती रोज तेच करत होती.

कोर्टानं भीतीचा हा आलेख छळाचा पुरावा मानला आणि निखिलेशला शिक्षा झाली. पुढे कायद्यात दुरुस्ती करायला समिती बसली तेव्हा प्रणोती मुंबईला जाऊन साक्ष देऊन आली. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या एका मुलीनं घरच्यांच्या दबावाखाली आपली तक्रार दोनदा मागे घेतली होती. ते ऐकून प्रणोतीनं समितीला ठासून सांगितलं होतं की गुन्हा नोंदवायला तक्रारीची वाट बघू नका आणि नोंदवलेला गुन्हा कुणाच्या सांगण्यावरून मागे घेऊ नका. भ्यालेल्या माणसाचं तोंड खोटं बोलतं, त्याचं शरीर बोलत नाही, हे तिचं वाक्य अहवालात छापून आलं. दुरुस्ती झाली; आता हेतू सिद्ध करायची गरज उरली नाही, आलेखावरची भीती पुरेशी होती. संरक्षण म्हणून तिच्या मनगटावरचा पट्टा चार वर्षं ठेवायचं ठरलं, आणि तो येणारा प्रत्येक संदेश ऐकत राहिला. तो कुणाचा, नात्यातला की परका, हे पट्ट्याला ठाऊक नव्हतं.

मुजावरबाईंनी आलेख टेबलावर ठेवला. त्रिशला मगदूम यांचे तीन वर्षांतले दोन हजार शंभर संदेश. सकाळी ‘डबा घेतलास?’ आणि संध्याकाळी ‘कुठं हाईस?’ खाली सरासरी रेघ. ठोके मंदावल्याचा खड्डा, मग उभा चढ. शेजारी तुलनेसाठी निखिलेशची जुनी रेघ काढली होती. अक्काची रेघ त्या रेघेपेक्षा खोल होती.

“अजून एक आहे,” मुजावरबाई जरा अवघडून म्हणाल्या. “तुम्ही त्यांना उत्तर द्यायला किती वेळ घेता ते. सरासरी अकरा सेकंद.”

प्रणोतीनं सांगितलं की काहीतरी चुकलंय, अक्कानं तिला आईसारखं वाढवलंय, तिची कसलीही तक्रार नाही. मुजावरबाईंनी ते सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी तिला आठवण करून दिली की तक्रार लागत नाही.

घरी तिनं नवऱ्याला, अभिनंदनला, कागद दाखवला. त्यानं तो शांतपणे वाचला आणि त्याला आश्चर्य वाटलं नाही, हे तिला सर्वांत जास्त लागलं. तो म्हणाला, संध्याकाळी साडेसहाला अक्काचा संदेश आला की तू जेवत असलीस तरी घास हातात राहतो, बाथरूममध्ये फोन घेऊन जातेस, मला वाटायचं बोलावं, पण तुमच्या दोघींच्या मधे कोण पडणार? एकदा त्यानं पाठवलेल्या संदेशाला तिनं दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं होतं, तेही त्यानं हसत सांगितलं. मग हसू थांबवून म्हणाला, “मशीन खोटं सांगत नाहीये, प्रणोती. आणि तुला ते ठाऊक आहे.”

तिला ठाऊक होतं.

आईवडील रस्त्यावरच्या अपघातात गेले तेव्हा ती सात वर्षांची होती आणि अक्का एकवीस. अक्कानं ठरलेलं लग्न मोडलं, यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला गेली, पुढे तिथंच कापड तपासायला लागली. सगळं आयुष्य तिनं या एका पोरीला मोठं करण्यात घातलं. तिला एकच धास्ती होती. आईवडील ‘तासाभरात येतो’ म्हणून गेले होते आणि आले नव्हते. म्हणून पनू, म्हणजे प्रणोती, कुठं आहे हे तिला सतत कळायला हवं होतं. प्रणोती अकरावीत गेल्यावर अक्कानं तिला फोन घेऊन दिला तो त्यासाठीच.

सोळाव्या वर्षी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला प्रणोती फोन दप्तरात विसरून गप्पा मारत बसली. अक्काचे चार संदेश येऊन पडले होते: कुठं हाईस? अडीच तासांनी ती घरी आली तेव्हा अक्का भाकरी थापत होती. ती ओरडली नाही. तिनं तव्यावरची भाकरी काढून ठेवली आणि आपला डावा तळहात तव्यावर पालथा टेकवला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. हात उचलून ती म्हणाली, तू नाही आलीस की मला असं होतं. मग म्हणाली, पुढच्या वेळी उजवा. आणि उजव्या हातानं तिनं पनूला ताट वाढलं.

त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. अक्कानं आयुष्यात तिला एक चापटही मारली नव्हती. प्रणोती वीस वर्षं स्वतःला सांगत आली होती की तिनं अक्काला केव्हाच माफ केलंय, आणि मनानं तिनं खरोखरच केलं होतं. मनगटाला मात्र ते कळलेलं नव्हतं.

खटला सांगलीच्या कोर्टात उभा राहिला. अक्काच्या बाजूनं ॲडव्होकेट बिडकर होते. कोर्टानं अक्काला संदेश पाठवायची बंदी केली होती, पण वकिलांच्या कचेरीत दोघींना भेटता येत होतं. अक्का इस्त्रीची सुती साडी नेसून, पर्स मांडीवर धरून खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिनं आपले सगळे संदेश कागदावर काढून आणले होते. ती एकेक वाचून दाखवायला लागली. छत्री घे. दही खाऊ नको, घसा धरलाय. पोचलीस का? मग तिनं चष्मा काढला आणि बिडकरांना विचारलं की यातला वाईट शब्द कुठला, तेवढा दाखवा, मी तो परत लिहिणार नाही.

बिडकरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि प्रणोतीला एकटीला मार्ग सांगितला. पट्टा तीन वर्षं जुना आहे. आत घाम साठतो, चकती झिजते. तुम्ही या विषयातल्या जाणकार आहात, तुमचा सगळा धंदाच असल्या लाटा वाचायचा आहे. पट्ट्याचं वाचन भरवशाचं नाही एवढं शपथेवर सांगा, खटला तिथंच संपेल. कुणी दुसरं हे म्हणालं असतं तर कोर्टानं ऐकलं नसतं. तुम्ही म्हणाल तर ऐकेल.

“आणि निखिलेशचं अपील?” प्रणोतीनं विचारलं.

बिडकरांनी टेबलावरची टाचणी उगाच इकडून तिकडे केली. तोच पट्टा, तेच मनगट. पट्टा खोटा ठरला तर तो सुटेल, त्यांनी कबूल केलं. तो एकटाच नाही, पट्ट्यावर शिक्षा झालेले राज्यभरातले बरेच जण तिच्या साक्षीचा कागद घेऊन कोर्टात जातील. “पण ती तुमची बहीण आहे,” ते म्हणाले. “हे ठरवणं माझं काम नाही.”

प्रणोती बाहेर आली. अक्कानं तिला पर्समधून राजगिऱ्याची वडी काढून दिली आणि काय ठरलं ते विचारलं नाही. मग बस स्टँडपर्यंत चालत जाताना विचारलं, “ते मोजतात म्हणजे नक्की काय मोजतात गं पनू?”

प्रणोतीनं सांगितलं. जितकं सोपं करता येईल तितकं केलं. ठोका मंदावतो, श्वास अडतो, बोटं गार पडतात. अक्का लक्ष देऊन ऐकत होती. कापडातला तुटका धागा शोधताना तिचा चेहरा असा व्हायचा.

“आणि ते चुकतं कधी?”

प्रणोती म्हणाली, चुकू शकतं. अक्कानं तिच्याकडे बघितलं. बस आली तशी चढून बसली.

साक्षीच्या दिवशी सकाळपर्यंत प्रणोतीनं ठरवलेलं होतं की पट्टा झिजलाय असं सांगायचं. तिनं ते वाक्य मनात घोकलंही होतं. सरकारी वकिलांनी आधी तिला तिच्या कामाविषयी विचारलं. बाळांची तपासणी कशी होते, सरासरी का काढतात. तिनं सांगितलं. मग समितीपुढची तिची साक्ष त्यांनी वाचून दाखवली, ते छापलेलं वाक्य दोनदा. बहिणीनं कधी मारलं का, असं विचारल्यावर ती ‘कधीच नाही’ म्हणाली, आणि ते खरं होतं. त्यांची भीती वाटते का, यावर ती ‘नाही’ म्हणाली, आणि तेही तिला खरंच वाटत होतं.

मग त्यांनी दोन हजार शंभर संदेशांचा आलेख भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावला.

“तुम्ही तज्ज्ञ म्हणून सांगा. हे वाचन बरोबर आहे की नाही?”

समोर पिंजऱ्यात अक्का उभी होती. मागच्या बाकावर निखिलेशचा वकील वही उघडून बसला होता. प्रणोतीनं त्याच्याकडे एकदा बघितलं. पुढे कित्येक महिने ती स्वतःला विचारत राहिली की त्या क्षणी आपल्याला नेमकं कोण आठवलं. पहाटे साडेपाचला फोनकडे बघणारी ती स्वतः, शेजारच्या खुर्चीवरची ती मुलगी, की रोज संध्याकाळचे साडेसहा. तिला उत्तर कधीच सापडलं नाही.

“वाचन बरोबर आहे,” ती म्हणाली.

पुढे तिला खूप सांगायचं होतं. शरीर भितं म्हणजे माणूस भितो असं नाही, भीती जुनी असू शकते, जिच्यामुळे ती आली तिनंच आपल्याला जगवलेलं असू शकतं, आणि हे सगळं एका रेघेत मावत नाही. ‘पण’ म्हणून तिनं सुरुवातही केली. सरकारी वकील म्हणाले, एवढं पुरे आहे, आणि खाली बसले. बिडकर उलटतपासणीला उठायच्या आत पिंजऱ्यातून अक्का म्हणाली की तिला बोलायचंय.

न्यायाधीशबाईंनी तिला परवानगी दिली. अक्का बराच वेळ पडद्याकडेच बघत होती. आकडे तिला कळत नव्हते, पण खड्डा कळत होता.

“तो खोल भाग म्हणजे तिचं काळीज थांबतं तो न्हवं?” तिनं विचारलं.

थांबत नाही, मंदावतं, असं कुणीतरी सांगितलं.

“रोज दोनदा?”

मग अक्कानं डावा हात वर करून तळवा कोर्टाला दाखवला. गुळगुळीत, रेषा नसलेला तळवा. तो कसा भाजला हे तिनं स्वतः सांगितलं, काही न लपवता, बाजारहाटाची गोष्ट सांगावी तितक्या साध्या शब्दांत. पोरगी भ्याली हे मला तेव्हाच दिसलं होतं, ती म्हणाली. मला वाटलं, भ्याली म्हणजे आता नीट घरी येईल. आणि ती येत गेली, म्हणून मला वाटलं की मी बरोबर केलं. ती इकडेतिकडे न बघता म्हणाली, “गुन्हा मला कबूल आहे.”

कबुली असल्यामुळे शिक्षा सौम्य झाली. तीन महिने साधी कैद आणि कायमची संदेशबंदी. संदेशबंदी म्हणजे नुसता नंबर बंद करणं नव्हे. पाठवणाऱ्याचा आवाज, बोटाचा ठसा आणि त्याची लिहायची ढब अशा तिन्हींवर ती बंदी असते. अक्कानं कुणाचाही फोन हातात घेतला तरी प्रणोतीच्या नावानं लिहिलेली अक्षरं पुढे जाणार नव्हती. निखिलेशचं अपील त्याच महिन्यात फेटाळलं गेलं. निकालपत्रात प्रणोतीच्या साक्षीचा उल्लेख होता.

बंदी अक्काच्या बाजूनं होती. प्रणोतीनं अक्काला भेटायला कायद्याची काहीच हरकत नव्हती. मिरजेहून इचलकरंजीला विजेवरची बस दर वीस मिनिटांनी सुटायची. अक्का कैदेत होती तोवर प्रणोती भेटीचा दिवस उद्यावर ढकलत राहिली. सुटून आल्यावर कारखान्यानं अक्काला कामावर परत घेतलं नाही, हे तिला एका जुन्या शेजारणीकडून कळलं. तेव्हाही तिनं जायचं ठरवलं आणि त्या रविवारी तिला ताप आला.

आणि या काळात तिची तब्येत सुधारत गेली. याबद्दल ती कुणाशीच बोलू शकत नव्हती. तिचं वर्षानुवर्षांचं मानेचं दुखणं गेलं. ती दुपारी झोपू लागली. संध्याकाळी अभिनंदनबरोबर फिरायला जाताना फोन घरी राहिला आणि परत येईपर्यंत तिच्या ते लक्षातही आलं नाही. पट्ट्याची मुदत संपली तेव्हा शेवटचा अहवाल देताना डॉक्टरांनी तिचं अभिनंदन केलं. इतका स्वच्छ आलेख त्यांनी फार कमी वेळा बघितला होता. ती घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच रडली. अभिनंदनला ते आनंदाचं रडणं वाटलं, आणि ते तसं नाही हे त्याला सांगायचं तिनं टाळलं. त्यांच्या दोघांमध्ये न सांगितलेली ती पहिली गोष्ट. पुढे अशा बऱ्याच साठल्या.

वर्ष झाल्यावर मुजावरबाई पुन्हा आल्या. बंदीचा फेरविचार करायची कायद्यात एक सोय होती. आरोपीनं अधिकाऱ्यांसमोर एक संदेश लिहायचा, तो पीडित व्यक्तीला पट्टा बांधून दाखवायचा. रेघ सरळ आली तर बंदी उठते. प्रणोतीनं तीन आठवड्यांपूर्वी त्यासाठी अर्ज केला होता. अभिनंदनला तो मान्य नव्हता, पण तो अडवायला आला नव्हता.

“उद्या येऊ का चाचणीला?” प्रणोतीनं विचारलं.

मुजावरबाईंनी फाईल उघडून अक्काचा जबाब तिच्यासमोर धरला. त्या स्वतः इचलकरंजीला जाऊन आल्या होत्या. संदेश लिहायला अक्कानं नकार दिला होता. कारणाच्या रकान्यात तिच्या ठळक, गोल अक्षरात दोन वाक्यं होती. तिला आता बरं वाटतंय असं मॅडमनी सांगितलं. राहू दे.

“मी बऱ्याच जणांचे जबाब घेतलेत,” मुजावरबाई फाईल मिटताना म्हणाल्या. “चाचणीला नाही म्हणणारी ही पहिलीच बाई.”

त्या दिवशी दुपारी प्रणोतीनं उरलेल्या तपासण्या सहकाऱ्यावर सोपवल्या आणि कुणालाही न सांगता इचलकरंजीची बस धरली. वाटेत तिनं काय बोलायचं याची बरीच जुळवाजुळव केली. अक्काची खोली एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर होती. खाली पूर्वी चोवीस तास माग खडखडायचे, आता ते गोदाम झालं होतं, त्यामुळे जिन्यात स्वतःच्या चपलांचा आवाज तिला पहिल्यांदाच ऐकू आला.

दार अक्कानंच उघडलं. ती खूप वाळली होती. केस पांढरे झाले होते आणि तिनं ते कापून आखूड केले होते. प्रणोतीला बघून तिनं दार पुढे ओढलं नाही आणि पूर्ण उघडलंही नाही. तिनं आधी जिन्याकडे बघितलं, कुणी मागे आहे का म्हणून.

“अक्का,” प्रणोती म्हणाली.

“तुला यायला चालतंय?”

प्रणोतीनं सांगितलं की चालतं, पहिल्यापासूनच चालत होतं. हे बोलून गेल्यावर त्याचा अर्थ काय झाला हे तिच्या लक्षात आलं. अक्कानं मान हलवली. एके काळी जिला दहा मिनिटांचाही हिशेब लागायचा तिनं सबंध वर्षाचा हिशेब मागितला नाही.

“थांब हां जरा,” म्हणून ती आत गेली आणि एक कोरा कागद, पेन आणि खाली धरायला पुठ्ठा घेऊन आली. तिनं ते सगळं दाराच्या फटीतून पुढे केलं.

“लिहून दे,” ती म्हणाली. “तू आपणहून आलीस, मी बोलावलं नाही. खाली सही कर. तारीख आणि वेळ घाल.”

“अक्का, असं काही लागत नाही.”

“मला लागतं.” अक्काचा आवाज चढला नाही. “मला पुन्हा तिथं जायचं नाही पनू. आणि मी तुला काही केलं असंही मला पुन्हा ऐकायचं नाही.”

जिन्यात उभं राहून प्रणोतीनं पुठ्ठ्यावर कागद धरला आणि लिहिलं. मी, प्रणोती अभिनंदन चौगुले, आज माझ्या मर्जीनं माझ्या बहिणीला भेटायला आले आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. तारीख. चार वाजून दहा मिनिटं. सही. लिहिताना पेन दोनदा अडलं आणि तिला ते झटकावं लागलं.

अक्कानं कागद घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला. सहीवरून एकदा अंगठा फिरवला. मग तो घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि दारातून बाजूला झाली.

“ये,” ती म्हणाली. “जेवलीयस का?”

प्रणोती आत गेली. अक्कानं दार लावलं नाही. ते सताड उघडं ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्याला दोघी दिसतील अशा बेतानं तिनं चटई दाराजवळ अंथरली आणि मग ताट घ्यायला आत वळली.